कापडाचे पंख



महाराजपुऱ्याच्या तळावरून लढाऊ विमाने उठली, की कंपूतल्या जुन्या घरांची तावदाने थरथरतात. १९८५ मध्ये मिराज विमाने ग्वाल्हेरला आली, तेव्हापासून हा गडगडाट इथल्या दिनक्रमाचा एक भागच होऊन बसला आहे. त्या धातूच्या बाणांकडे पाहताना विमान ही वस्तू मुळात लाकूड, दोरा आणि कापड यांची होती, हे सहसा ध्यानात येत नाही. खरे तर या वस्तीला कापडाचे नवल वाटू नये. दौलतराव शिंद्यांच्या काळात किल्ल्याच्या पायथ्याशी जी छावणी पडली, तिच्यातूनच लष्कर शहर उभे राहिले, आणि 'कंपू' हे नाव तर छावणीचेच. तंबूचे कापड किती ताणावे, दोर कुठे बांधावा, पावसात काय कुजते आणि उन्हात काय विरते, हे ज्ञान इथल्या पूर्वजांच्या रोजच्या व्यवहारातले होते. विमान बांधणाऱ्यांना याच प्रश्नांची उत्तरे शोधावी लागली. फरक एवढाच, की तंबू फाटला तर माणूस भिजतो.

जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल याने विलोच्या काड्या आणि सुती कापड यांच्या पंखांवर तरंगून दाखवले आणि १८९६ मध्ये त्याच प्रयोगात प्राण गमावले. १९०३ मध्ये राइट बंधूंनी अमेरिकेत जे यंत्र उडवले, त्याच्या लाकडी सांगाड्यावर मलमल चढवलेली होती. पुढे अॅल्युमिनियम आले आणि मोठ्या विमानांतून कापड हद्दपार झाले. पण लहान विमानांत, विशेषतः हौशी माणसाने घरी बांधलेल्या विमानांत, ते आजतागायत टिकून आहे. ते हलके असते, स्वस्त पडते, आणि धातूचा पत्रा वळवण्याची यंत्रे ज्याच्यापाशी नाहीत त्यालाही सुई-दोरा धरता येतो.

आपल्याकडे या विद्येचे नाव घेताना डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे स्मरण आधी होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू हे त्यांचे गाव. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९४१ मध्ये बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात दहा जणांना नेणारे इंजिनविरहित ग्लायडर आखले. पुढे तिथेच त्यांच्या देखरेखीखाली सप्टेंबर १९५८ मध्ये 'पुष्पक' आकाशात गेले. दोन माणसांचे, नव्वद अश्वशक्तीचे हे छोटे विमान पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवून तयार केलेले होते. देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून कितीएक तरुणांनी उड्डाणाचा श्रीगणेशा याच विमानात गिरवला. प्रांटलच्या शिष्याने कापडाला कमी लेखले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हे कापड चढते तरी कसे? जुन्या काळी लिनन, नंतर विशिष्ट विणीचे सुती कापड वापरत. त्याची कसोटी ठरलेली होती: एक इंच रुंदीच्या पट्टीने ऐंशी पौंडांचा ताण सोसला पाहिजे. हे कापड सांगाड्यावर सैलसर चढवत आणि मग त्यावर डोप नावाचे द्रावण ब्रशाने एकावर एक हात देऊन लावत. डोप सुकताना कापड आक्रसते आणि ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होते. या द्रावणाच्या वरच्या थरांत अॅल्युमिनियमची भुकटी मिसळतात. ती शोभेसाठी नसते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण कापडाचा धागा आतून जाळतात; ही चंदेरी भुकटी त्यांना अडवते. अलीकडे पॉलिएस्टरचे कापड आले. ते आक्रसवायचे काम डोप करीत नाही, साधी इस्त्री करते. मात्र इस्त्रीचे तापमान मोजून ठेवावे लागते, कारण जास्त तापले तर धागा ढिला पडतो आणि अति ताणले तर खालच्या नाजूक बरगड्याच वाकतात.

नुसते चिकटवून भागत नाही. पंखाचा वरचा पृष्ठभाग हवेत खेचला जातो. विमान उचलले जाते ते बहुतांशी या ओढीनेच. ही सारी ओढ कापडावर येते आणि कापडाकडून ती लाकडी बरगड्यांकडे पोचली पाहिजे. म्हणून गादीवाला जसा लांब दाभणाने गादीच्या आरपार टाके घालतो, तसे मेण लावलेल्या दोऱ्याने पंखाच्या आरपार टाके घालतात आणि प्रत्येक टाक्याला गाठ मारतात. गाठी किती अंतरावर असाव्यात, हे विमानाच्या वेगावरून ठरते. पंख्याचा झोत जिथे आदळतो तिथे त्या अधिक जवळ घ्याव्या लागतात. या टाक्यांवर दातेरी काठाची पट्टी डोपने बसवली, की शिवण दिसेनाशी होते. पंखाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रे ठेवतात; आत साठलेले पाणी निथळून जावे म्हणून. ही छिद्रे बुजली तर लाकूड आतून कुजत राहते आणि बाहेरून रंग मात्र नव्यासारखा चमकतो.

या विद्येतली सर्वांत अवघड गोष्ट इथेच येते. कापड झाकते. लाकडी तुळईला पडलेली बारीक चीर, अर्धवट लागलेला सरस, विसरलेली एखादी पिन, गंजलेला सांधा: कापड चढेपर्यंत हे सारे डोळ्यांना दिसते. कापड चढले, की पुढची कित्येक वर्षे दिसत नाही. जुन्या विमानांत दुधापासून काढलेल्या केसीनचा सरस वापरीत; त्याला ओल लागली की बुरशी धरे आणि सांधा आतल्या आत सुटे. पोलादी नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्यांत जवसाचे गरम तेल ओतून, सगळीकडे फिरवून, पुन्हा निथळून काढीत. ही कामे केली की नाहीत, हे पुढे सांगणार कोण? म्हणूनच जाणत्या मंडळींत असा शिरस्ता पडला, की कापड चढवण्यापूर्वी उघडा सांगाडा दुसऱ्या जाणकाराला दाखवायचा. अमेरिकेत १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हौशी विमानबांधकांच्या संघटनेने यासाठी अनुभवी सल्लागारांची पद्धतच घालून दिली. ज्याने चार-पाच वर्षे रात्री जागून सांगाडा उभा केला, त्याला 'हा सांधा फोडून पुन्हा कर' असे ऐकून घेणे किती जड जात असेल, याची कल्पना करता येते. पण स्वतःच्या हस्तलिखितातील चुका लेखकाला दिसत नाहीत, हा अनुभव ग्रंथप्रेमींना नवा नाही; मुद्रितशोधक लागतोच.

अनुभव मोठा असला म्हणजे या डोळ्याची गरज संपते, असेही नाही. स्टीव्ह विटमन हे अमेरिकेतील या क्षेत्रातले पितामह. १९२४ पासून ते उडत होते, शर्यती गाजवत होते, स्वतः आखलेली विमाने बांधत होते. ऑशकॉश येथील विमानतळाला त्यांचेच नाव आहे. एप्रिल १९९५ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, ते पत्नीसह स्वतः बांधलेल्या विमानातून फ्लॉरिडाहून विस्कॉन्सिनकडे निघाले. अलाबामा राज्यावरून जाताना विमान हवेतच मोडले आणि दोघेही मरण पावले. चौकशीत निघाले ते असे: पंखाच्या वरच्या बाजूच्या प्लायवुडवर चिकटवलेले कापड सुटले होते. सुटलेल्या कापडामुळे पंख आणि एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, फडफडू लागले आणि पंखाने दम सोडला. कापड चिकटवण्याची रीत त्या सामग्रीच्या उत्पादकाने घालून दिलेल्या रीतीला सोडून होती. सत्तर वर्षांचा हात, आणि चूक अगदी नवख्याने करावी तशी. ही हकीकत वाचून कोणालाही विटमन यांच्याविषयीचा आदर कमी करावासा वाटणार नाही. पण हाताला सवय झाली म्हणजे माहितीपत्रक वाचण्याची सवय सुटते, हे मात्र मान्य करावे लागते.

याच्या उलट तऱ्हेची गोष्ट फ्रान्समधील आंरी मिन्ये यांची आहे, आणि तिच्यात एक पुस्तक असल्यामुळे ती ग्रंथालयात सांगण्याजोगी आहे. १९३३ मध्ये त्यांनी 'आकाशातली ऊ' अशा गमतीदार अर्थाच्या नावाचे एक चिमुकले विमान उडवले आणि पुढच्याच वर्षी ते कसे बांधावे, याचे पुस्तक लिहिले. साध्या सुतारकामाचा सराव असलेल्या कोणालाही आकाश खुले आहे, हा त्या पुस्तकाचा सूर. इंग्रजी भाषांतर निघाले, हजारोंनी प्रती खपल्या आणि इंग्लंड-फ्रान्समधील गोदामांतून, गॅरेजांतून, घरांतून सांगाडे उभे राहू लागले. १९३५-३६ मध्ये एकामागून एक अपघात होऊन माणसे मरू लागली. अखेर फार्नबरो येथे आणि फ्रान्समध्येही पूर्ण आकाराचे विमान वायुबोगद्यात ठेवून तपासले गेले. दोष ना कापडात होता, ना सुताराच्या हातात. एकामागे एक असलेल्या दोन पंखांमधील अंतर असे होते, की विमानाने एका मर्यादेपलीकडे नाक खाली केले म्हणजे पुढच्या पंखाचा झोत मागच्या पंखाला अधिकच उचलून धरी. वैमानिकाने दांडा मागे ओढला तरी नाक वर येण्याऐवजी सूर अधिक खोल जाई. ज्यांनी पुस्तकाबरहुकूम निर्दोष काम केले होते, तेही यातून वाचले नसते. मिन्ये यांनी कोणाला फसवले नव्हते. ते स्वतः त्याच विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेले होते. छापलेल्या पुस्तकावर वाचकाने विश्वास ठेवला, पण ते पुस्तक वायुबोगद्यातून गेले नव्हते.

मराठी श्रोत्यांच्या मनात एव्हाना एक नाव येऊन गेले असेल: शिवकर बापूजी तळपदे. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितली जाते. तळपदे होऊन गेले, त्यांना या विषयाचा ध्यास होता, यात संशय नाही. उड्डाण झाल्याचा विश्वसनीय समकालीन पुरावा मात्र पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचे नाव या संदर्भात घेतले जाते, तो विसाव्या शतकात सांगून लिहवून घेतलेला आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये आकडेमोडीने दाखवून दिले. तळपद्यांचे विमान कोणी उघड्या सांगाड्यासकट पाहून नोंदवून ठेवले असते, तर आज मराठी माणसाला दंतकथेवर भिस्त ठेवावी लागली नसती. अभिमानाचे कापड घाईने चढवले, की आत काय होते, हे कळायला मार्ग उरत नाही.

ज्याची नोंद आहे असे उदाहरण अलीकडचे आहे. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने, आधीचे प्रयत्न वाया गेल्यावरही न खचता, मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते कापडाचे नव्हे, धातूचे. २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. बांधून तयार झालेले विमान कागदोपत्री आकाशात जाण्यास इतकी वर्षे लागली, याबद्दल पुष्कळ हळहळ व्यक्त झाली आणि ती रास्तच होती. हौशी बांधकाम तपासायची घडी बसलेली नसेल, तर तपासणारा गोंधळतो आणि बांधणारा पिचतो. पण तपासणीच नको, असा निष्कर्ष त्यातून काढणे घातक ठरेल. मिन्ये यांच्या विमानाने इंग्लंडला तेवढे शिकवलेच होते.

विमान बांधून झाले म्हणजे उडवायचे कसे, याचीही शिस्त आहे. आधी ते तोलायचे. तीन चाकांखाली तीन काटे ठेवून भारकेंद्र काढायचे; ते मर्यादेपेक्षा मागे सरकले, तर विमान उठेल, पण ताब्यात राहणार नाही. शेपटीच्या हलत्या भागांना हौसेने रंगाचा एक जादा हात दिला, तरी त्यांचा तोल बिघडून वेग वाढताच ते फडफडू शकतात. मग जमिनीवर धावण्याचे सराव. त्यानंतर पहिले उड्डाण, एकट्याने, शांत हवेत. अमेरिकेतील नियमांत सुरुवातीची चाचणी-उड्डाणे वस्तीपासून दूर आणि प्रवाशाविना करावी लागतात. घरी बांधलेल्या विमानांचे अपघात प्रामुख्याने इंजिन बंद पडल्याने आणि ताबा सुटल्याने होतात, असे तिथल्या चौकशी मंडळाच्या २०१२ च्या पाहणीत दिसले. इंजिन बंद पडण्यामागे पुष्कळदा इंधनाच्या नळीतला कचरा किंवा चुकीची जोडणी असते. बांधणारा पंखावर वर्षे घालवतो आणि नळीवर एक संध्याकाळ.

आणि हे सारे पार पडले तरी कापडाचे वय वाढतच असते. दर वर्षी तपासनीस पंखाच्या वरच्या बाजूला, त्यातही गडद रंगाच्या जागी, एक स्प्रिंगचे टोकदार उपकरण दाबून पाहतो. कारण ऊन तिथे सर्वांत जास्त मुरते. ऐंशी पौंडांचे सुती कापड छप्पन्न पौंडांच्या खाली उतरले, की विमान कितीही देखणे दिसो, ते धावपट्टीवर जात नाही. सगळे कापड फाडून काढतात, टाके उसवतात, आणि तुळया, बरगड्या, सांधे उघडे पडले, की तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.