आकडा कुणी मोजला?

(महाविद्यालयीन विद्यार्थिनींपुढे केलेलं भाषण)



'माहिती साक्षरता' हा शब्द तुम्ही ग्रंथपालांकडून ऐकला असेल. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० साली तिचे पाच निकष ठरवले: कोणती माहिती हवी ते ओळखणं, ती मिळवणं, पारखणं, वापरणं आणि तिच्याशी जोडलेले आर्थिक, कायदेशीर, सामाजिक प्रश्न समजून घेणं. २०१६ मध्ये हे निकष मागे घेतले गेले. त्यांच्या जागी आलेल्या आराखड्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे: कुणाचा शब्द प्रमाण मानायचा हे माणसंच ठरवतात, म्हणून तो कुणी आणि कुठे ठरवला हे विचारायला हवं.

जनगणनेचंच बघा. १९६१ मध्ये हंगामात रोज तासभर शेतात राबणारी बाईही 'काम करणारी' धरली होती. १९७१ मध्ये 'मुख्य काम कोणतं?' असा प्रश्न आला. पाणी, सरपण, स्वयंपाक उरकून खुरपायला जाणारी बाई 'घरकाम करते' म्हणून नोंदली गेली आणि कामकरी स्त्रियांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. बायकांनी काही शेत सोडलं नव्हतं. व्याख्या बदलली होती. अभ्यासक आणि स्त्री-संघटनांनी हा मुद्दा लावून धरला, तेव्हा कुठे १९९१ च्या प्रश्नात घरच्या शेतावरचं, धंद्यातलं बिनमोबदला कामही धरावं, असे शब्द आले.

म्हणून छापील आकडा दिसला की विचारा: कुणी मोजला? माहिती तिला विचारली की घरातल्या पुरुषाला? काय मोजायचं राहिलं?

आता माहिती 'मिळवण्या'विषयी. निकष सगळ्यांना सारखा, पण ग्रंथालयाचं दार सारखं उघडं नाही. मुलगे रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात, तर अनेक ठिकाणी मुलींच्या वसतिगृहाला त्याआधीच कुलूप लागतं. दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी २०१५ मध्ये 'पिंजरा तोड' ही मोहीम उभारली ती अशाच वेळांच्या बंधनांविरुद्ध. परीक्षेत मात्र दोघांना प्रश्नपत्रिका एकच!

तेव्हा 'मुलींना संदर्भ शोधता येत नाहीत' असं कुणी म्हणालं, तर वसतिगृहाची आणि ग्रंथालयाची वेळ एकाच कागदावर लिहून कुलगुरूंकडे न्या. आणि प्रबंधासाठी आकडे उतरवाल तेव्हा आपली आई त्यातल्या कोणत्या रकान्यात आहे ते शोधा. सापडली नाही, तर तसं प्रबंधात लिहा.