शाळा सुटल्यानंतरचा तास

(साक्री येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला नापास होणाऱ्या मुलींविषयी बोलायचे आहे. दारू, जमीन, मारहाण हे आपले नेहमीचे विषय. त्यात परीक्षा कुठून आली, असे कुणाला वाटेल. पण मुलीचे लग्न एवढ्या लवकर का केले, असे मी घरोघरी विचारते तेव्हा "शाळा सुटली होती, मग घरात किती दिवस ठेवायची?" हे उत्तर मला वारंवार मिळते. शाळा का सुटली ते खोदून विचारले, की बऱ्याचदा नापासाचा शेरा निघतो.

आधी कायदा समजून घेऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला वर्गात मागे ठेवायला बंदी केली. लोकांनी त्याला 'ढकलपास' म्हणून नावे ठेवली. पण त्याच कायद्याचे कलम २४ सांगते, की प्रत्येक मुलाला किती येते ते पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पहिल्या कलमावर सगळे बोलले, दुसऱ्याची आठवण कुणी ठेवली नाही. पुढे २०१९ मध्ये कायदा बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास जादा मार्गदर्शन, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि तिच्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याची राज्यांना मुभा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून हे लागू केले. आठवीपर्यंत कुणालाही शाळेतून काढून टाकता येत नाही, ही तरतूद मात्र कायम आहे. ती पाठ करून ठेवा.

आता हे 'जादा मार्गदर्शन' आपल्या मुलींच्या वाट्याला कसे येते ते पाहा.

निकालानंतरचे दोन महिने म्हणजे आपल्याकडे काय? उन्हाळ्याची सुट्टी. पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यांवरची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुलगी बरोबर गेलेली असते, धाकट्या भावंडांना सांभाळायला. तिचे वर्ष बुडाले ते ती ढ म्हणून नव्हे. परत येते तेव्हा लग्नसराई सुरू असते. अशा वेळी फेरपरीक्षेची सूचना शाळेच्या फळ्यावर लागली, तर ती तिच्यापर्यंत पोहोचणार कशी?

वर्षभराचे जादा तासही शाळा सुटल्यावर ठेवले जातात. शिक्षकांचा हेतू चांगला असतो, हे मी मान्य करते. पण पाच वाजल्यानंतरचा तास मुलाला आणि मुलीला सारखा नसतो. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो; गाडीची वेळ काही त्या पासाने बदलत नाही. गाडी चुकली तर अंधारात चालत जायचे. घरी पाणी, चूल, गुरे तिचीच वाट पाहत असतात. एका आईने मला सरळ सांगितले, "अंधार पडाना आधी पोर घर येवाले जोयजे." या बाईला अडाणी म्हणून कसे चालेल? २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, ते तिनेही ऐकले आहे. शाळा रिकामी झाल्यावर इमारतीत कोण असते, हे विचारायचा तिला अधिकार आहे.

शिवाय आमच्याकडे 'थांबवून घेणे' ही शिक्षाही असते. उशीर झाला, गृहपाठ राहिला, की सुट्टीनंतर थांब, वर्ग झाड. जादा शिकवणे आणि शिक्षा यांची अशी सरमिसळ झाली, की थांबणे ही मुलीला लाजेची गोष्ट वाटते. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. तरीही २०२५ च्या नोव्हेंबरात वसईत एका शाळकरी मुलीला उशिरा आली म्हणून उठाबशा काढायला लावल्याची आणि काही दिवसांत ती दगावल्याची बातमी आपण वाचली. उशीर का झाला, हे आधी विचारायला नको का? सकाळी हंडे भरून येणारी मुलगी उशिराच येणार.

मग उपाय काय? तो आपल्या महाराष्ट्रातच पूर्वी झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी भागात पाहिले, की मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या, तीच कुरणशाळा. मुलांच्या दिवसाकडे पाहून त्यांनी शाळेची वेळ आणि जागा ठरवली. आपणही तेवढेच मागतो आहोत.

पहिली मागणी : जादा तास शाळेच्या वेळातच घ्यावेत. सुट्टीतले मार्गदर्शन पाड्यावर, अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात व्हावे.

दुसरी : फेरपरीक्षेची तारीख आईबापांना घरी जाऊन सांगावी, ऊसतोडीहून येणाऱ्यांची वेगळी यादी ठेवावी.

तिसरी : भिल्ली, कोकणी, अहिराणी बोलणाऱ्या मुलीला तिच्या बोलीतून समजावून मग पुस्तकाच्या मराठीकडे न्यावे. भाषा न कळणे आणि गणित न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथी : शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर कुणालाही थांबवू नये.

या मागण्या घेऊन धुळ्याला जिल्हा परिषदेवर मोर्चा न्यायचा की नाही, ते पुढे ठरवू. त्याआधी एक दार उघडे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात, असे कलम २१ सांगते. आपल्यातल्या किती तरी जणींची नावे त्या समितीत आहेत. सह्या घरी मागवल्या जातात. या वेळी सही घरी करू नका. बैठकीला जा, पाचवी आणि आठवीत नापास झालेल्या मुलींची नावे मागा, आणि त्यांतली प्रत्येक मुलगी आज कुठे आहे, एवढे विचारा. पुढच्या बैठकीला येताना ती यादी बरोबर आणा. आपले काम तिथून सुरू करू.