स्टेडियमच्या दारात लाल कार्ड

हेडफोन लावून चालायला निघाला असाल, तर आजचा एपिसोड खास तुमच्यासाठी. आज चालण्याबद्दलच बोलूया. फक्त ते चालणं ५० किलोमीटरचं आहे.

१९९२, बार्सिलोना ऑलिम्पिक. पोलंडचा रॉबर्ट कोर्झेनिओव्स्की, वय २४. ५० किलोमीटर रेस वॉकिंगमध्ये हा पठ्ठ्या दुसऱ्या नंबरवर आहे. स्टेडियम जवळ आलंय, रौप्यपदक जवळजवळ हातात. आणि तिथेच पंच लाल कार्ड दाखवतात. बाद! इतकं चालून हातात शून्य.

का? तर या खेळाचे नियम दोनच. एक, कुठला तरी एक पाय सतत जमिनीवर हवा. दोन, पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून शरीराच्या बरोबर खाली येईपर्यंत गुडघा सरळ हवा. पंच हे नुसत्या डोळ्यांनी बघतात, कॅमेऱ्याने नाही. तेव्हा तीन वेगवेगळ्या पंचांनी चूक नोंदवली की खेळ खल्लास व्हायचा. घड्याळात तुम्ही कितीही पुढे असा.

ही गोष्ट मला भिडली, कारण गेल्या वर्षी माझंही असंच झालं. सहा महिन्यांचं काम, सोमवारी डेमो. शुक्रवारी रात्री घाईत टेस्ट न चालवताच कोड टाकला. सगळं कोसळलं आणि मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. मी महिनाभर धुमसत होतो. एवढं केलं ते कुणाला दिसत नाही का?

आता रॉबर्टचं पुढे बघा. १९९६, अटलांटा. तेच अंतर. ३ तास ४३ मिनिटं ३० सेकंद, आणि सुवर्ण. २००० साली सिडनीत २० किलोमीटरला मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा पहिला आला. राष्ट्राध्यक्षांचा अभिनंदनाचा फोन चालू असतानाच त्याला बाद झाल्याचं कळलं! सुवर्ण मिळालं रॉबर्टला. आठवड्याभरात त्याने ५० किलोमीटरही जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिलाच. मग २००३ मध्ये पॅरिसला ३:३६:०३ चा विश्वविक्रम, २००४ मध्ये अथेन्सला चौथं सुवर्ण, आणि निवृत्ती.

बार्सिलोनानंतर तो खेळ सोडू शकला असता. पंचांच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडू शकला असता. तो परत पंचांसमोर चालायला उतरला. मला तेव्हा कळलं, मी पोचलो होतो खरा, पण चालत नाही, पळत.

आता नव्या टीममध्ये आहे. शुक्रवारी रात्री कितीही घाई असो, टेस्ट आधी. मॅनेजर कधी कधी घड्याळ बघतात. बघू देत.

ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची ५० किलोमीटर शर्यत टोकियोनंतर बंद झाली. तुम्हाला मिळालेलं लाल कार्ड कुठलं, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर चालत राहा!