यादीतला शब्द कुणी लिहिला?

गटांतल्या सगळ्या ताया, अक्का, वहिनी आणि भाकऱ्या थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या मावश्यांनो, आज आम्ही तुमच्याशी वाचनालयाबद्दल बोलणार आहोत. पण पुस्तकांबद्दल नव्हे, पुस्तकांच्या यादीबद्दल.

वाचनालयात साधारण दोन नोंदी असतात. एक दाखल नोंदवही. पुस्तक आलं की क्रमांक, तारीख, नाव, लेखक, किंमत त्यात चढते. दुसरी विषयवार यादी. हे पुस्तक शेतीचं, हे आरोग्याचं, हे इतिहासाचं. आपल्याला पुस्तक सापडतं ते या यादीमुळे. आता सांगा, विषय कोण ठरवतं? पुस्तक लिहिणारी व्यक्ती ठरवत नाही. ज्यांच्यावर पुस्तक लिहिलंय, त्यांना तर कुणी विचारतही नाही. यादी करणारा ठरवतो, आणि त्याच्या काळात जी समजूत असते ती यादीत उतरते.

अमेरिकेत मेलविल ड्यूई नावाच्या ग्रंथपालाने १८७६ साली पुस्तकांना आकडे देण्याची पद्धत काढली. ती जगभर पसरली. आपल्याकडेही पुष्कळ ग्रंथालयांत पुस्तकाच्या पाठीवर तोच आकडा असतो. त्या पद्धतीत पूर्वी ३९५ म्हणजे शिष्टाचार, ३९६ म्हणजे स्त्रिया, ३९७ म्हणजे भटके आणि समाजाने बाहेर टाकलेले लोक, ३९८ म्हणजे लोककथा. शेतीला, कायद्याला, अर्थकारणाला वेगळी दालनं, आणि बायकांना जागा मिळाली ती रीतीभातींच्या माजघरात! पुढे हे बदललं. आता स्त्रियांवरची पुस्तकं ३०५ या आकड्याखाली, समाजातल्या गटांच्या अभ्यासात येतात. म्हणजे छापलेली यादीसुद्धा बदलता येते.

ती बदलायला कुणीतरी उभं राहावं लागतं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर नावाच्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल होत्या. १९३० साली तिथल्या कृष्णवर्णीयांविषयीच्या संग्रहाचं काम त्यांच्याकडे आलं. तेव्हा इतर ग्रंथालयांत कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक आलं की ते गुलामगिरीच्या नाहीतर वसाहतींच्या आकड्याखाली टाकत. कवितेचं पुस्तक असलं तरी तेच! पोर्टरबाईंनी ते मानलं नाही. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, अशी त्यांनी स्वतः मांडणी केली. चाळीसहून अधिक वर्षं हे काम केलं.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत होती, त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि हे लोक विमुक्त झाले. पण कायद्यातला शब्द जुन्या गॅझेटियरमध्ये, सरकारी अहवालांत राहिला, आणि तिथून उचलून याद्यांमध्ये आला.

आमच्या ग्रामसंघातल्या एका पारधी ताईंची मुलगी अकरावीत आहे. आपल्या समाजाच्या इतिहासावर प्रकल्प करायचा म्हणून ती एका वाचनालयात गेली. यादीत तिला तिचा समाज सापडला तो 'गुन्हेगार जमाती' या विषयाखाली. पोरगी पुस्तक न घेताच परत आली. घरी कुणाला काही बोलली नाही. चार दिवसांनी आईला सांगितलं, आईने गटात सांगितलं.

आम्ही सातजणी वाचनालयात गेलो. ग्रंथपाल दादा म्हणाले, "ताई, जुन्या पुस्तकावर जे छापलंय तेच आम्ही यादीत लिहिलं. उद्या खोडाखोड केली तर तपासणीत मला विचारतील." त्यांचंही खरं होतं. दाखल नोंदवही खोडायची नसते. पुस्तकाचं नावही बदलायचं नसतं. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचं नाव 'उचल्या' आहे. समाजाला हिणवायला वापरलेला शब्द त्यांनी स्वतः उचलला आणि त्यातूनच आपलं जगणं मांडलं. तो त्यांचा हक्क. पण विषयाचं नाव ग्रंथालयाने दिलेलं असतं, ते ग्रंथालयाला बदलता येतं.

बोलून तोडगा निघाला. यादीत 'विमुक्त जमाती' हा विषय घातला आणि सगळी पुस्तकं त्याखाली आणली. जुन्या शब्दापुढे लिहिलं, 'पाहा : विमुक्त जमाती'. म्हणजे जुन्या शब्दाने शोधणाऱ्यालाही वाट सापडते. शिवाय एक ओळ जोडली की हा शब्द इंग्रजांच्या कायद्यातला आहे आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला. जुना शब्द पुसून टाकला असता, तर हा अन्याय झाला होता याचा पुरावाही गेला असता.

हे सगळं झाल्यावर पारधी ताई म्हणाल्या, "वाचनालयातलं नाव बदललं, पोलीस चौकीतलं कधी बदलायचं?" याचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं. एवढं सांगता येईल, की ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. वाट लांब आहे, पण नोंदवहीतला शब्द बदलतो हे आता आपल्याला माहीत आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा. पुढच्या मासिक बैठकीनंतर दोघीतिघी वाचनालयात जा. सभासद व्हा. यादी वाचायला मागा. राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, मान्यता असलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. आपण विचारलं तर त्यात काही वावगं नाही. कुठे जातीवरून हिणवणारा शब्द दिसतो का, आजारी किंवा अपंग माणसाला कमी लेखणारा शब्द दिसतो का, बाईने लिहिलेलं पुस्तक नुसतं 'अमुक यांच्या पत्नी' म्हणून नोंदलंय का, ते बघा. दिसलं तर आधी ज्यांच्याबद्दल तो शब्द आहे त्यांना विचारा, तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल? त्यांच्या वतीने आपणच ठरवायचं नाही. मग त्यांना सोबत घेऊन वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला साधा अर्ज द्या आणि पोच घ्या.

आपण गटात पै-पैची नोंद ठेवतो, कारण लिहिलेलं राहतं हे आपल्याला ठाऊक आहे. माणसांची नोंदही तितकीच नीट असायला हवी. तुमच्या वाचनालयात काय सापडलं, ते रेडिओला जरूर कळवा.