मतपत्रिका राज्याची, पद राष्ट्राचें

आपल्याकडे लोकसभेची निवडणूक सबंध देशाकरितां एकच आयोग चालवितो. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथें अध्यक्षपदाची निवडणूकसुद्धां प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानें पार पाडतें. मतपत्रिकाही तेंच छापतें. १९४८ सालीं तर अधिकारारूढ अध्यक्ष ट्रूमन यांचें नांव अलाबामाच्या मतपत्रिकेवर नव्हतें. तरी ते निवडून आले! मग राज्यानें एखाद्या उमेदवारास अपात्र ठरवून त्याचें नांव गाळावें काय?

हा प्रश्न अलीकडेच ऐरणीवर आला. यादवी युद्धानंतर, १८६८ सालीं, अमेरिकेच्या घटनेस चौदावी दुरुस्ती झाली. घटनेशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ अधिकारी म्हणून घेऊन पुढें जो बंडांत सामील झाला, त्यास तिच्या तिसऱ्या कलमानें अधिकारपद वर्ज्य केलें. दीर्घकाळ निद्रिस्त असलेलें हें कलम ६ जानेवारी २०२१ रोजीं संसदभवनावर झालेल्या हल्ल्यानंतर जागें झालें. त्याच्या आधारें १९ डिसेंबर २०२३ रोजीं कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानें, चार विरुद्ध तीन मतांनीं, डोनल्ड ट्रम्प यांस अपात्र ठरविलें. मेन व इलिनॉय येथेंही तसेच निर्णय झाले.

परंतु ४ मार्च २०२४ रोजीं राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयानें कोलोरॅडोचा निकाल फिरविला. एका राज्यांत उमेदवार पात्र व शेजारच्या राज्यांत अपात्र, असा गोंधळ राष्ट्राच्या पदाविषयीं चालावयाचा नाहीं, यावर नऊही न्यायाधीशांचें एकमत झालें. पांच न्यायाधीश याहून पुढें गेले: राष्ट्रीय पदांपुरता या कलमाचा अंमल काँग्रेसनें केलेल्या कायद्यानेंच व्हावा, असें ते म्हणाले. उरलेल्या चौघांस इतकें पुढें जाण्याचें कारण दिसलें नाहीं.

ट्रम्प यांनीं बंड केलें कीं नाहीं, याचा निर्णय मात्र या न्यायालयानें दिलाच नाहीं. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, हा न्याय करणें राज्याचें काम नव्हे. हें तत्त्व मला पटतें. आज एका राज्यानें एका पक्षाचा उमेदवार गाळला, तर उद्यां दुसरें राज्य त्याचें उट्टें काढील, आणि मधल्यामध्यें मतदाराचा हक्क बुडेल. तथापि एक शंका राहतेच. काँग्रेस हीदेखील पक्षांचीच बनलेली सभा. तिनें कायदाच केला नाहीं, तर शपथ मोडणाऱ्यास अडवावयाचें कोणीं? घटनेनें दाराला कुलूप घातलें खरें. पण किल्ली ज्यांच्या हातीं आहे ते ती फिरवितील, याची हमी कोणतेंही न्यायालय देऊं शकत नाहीं.