रान उघडं ठेवू नका



पत्रिकेत विषय छापलाय ‘उपयुक्त बुरशी आणि पीकवाढ’. ते वाचून निम्म्या मंडळींच्या डोळ्यांसमोर ट्रायकोडर्माची पुडी आली असणार. मर येऊ नये म्हणून हरभऱ्याच्या बियाण्याला तुम्ही ती चोळता, कुजलेल्या शेणखतात मिसळता. ते पुन्हा सांगत नाही. फक्त ती पुडी जिवंत आहे, हे ध्यानात ठेवा. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलीत, तर नुसती पावडर पेराल.

मला बोलायचंय ते मायकोरायझाबद्दल, म्हणजे पिकाच्या मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीबद्दल. स्फुरद जमिनीत जागचं फारसं हलत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर ते चुन्याशी बांधलं जातं. मूळ आपल्या अंगालगतचं स्फुरद संपवतं आणि उपाशी बसतं. या बुरशीचा धागा मुळाहून कितीतरी बारीक. तो त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे जातो, स्फुरद आणि जस्त आणून देतो, बदल्यात पिकाकडून साखर घेतो.

मायकोरायझा हे नाव १८८५ साली जर्मनीत आल्बर्ट फ्रांक यांनी दिलं. ते ट्रफल या जमिनीखालच्या भूछत्राची लागवड जमते का, ते पाहत होते. झाडांच्या मुळांवर बुरशीचं वेष्टन दिसलं, आणि झाडं मात्र ठणठणीत!

आता एक गोष्ट सांगतो, दोन मिनिटांत. मंगळवेढ्याकडचे एक काका घरी आले होते. म्हणाले, “मास्तर, दिसत नाही ते मी मानत नाही.” मी म्हटलं, येताना ज्वारीचं धाट मुळासकट उपटून आणा. त्यांनी मातीचा गड्डाच आणला, बायकोनं अंगणात थांबवला. (हशा) बारीक मुळं धुतली, कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात गरम केली. रंग जाऊन काचेसारखी झाली. मग फौंटन पेनची शाई आणि व्हिनेगर. हो, शाईच, ही पद्धत १९९८ साली शास्त्रीय नियतकालिकात आलेली आहे. मूळ काचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. काकांनी डोळा लावला तो काढेचनात. पेशीपेशीत एकेक शाईचं झुडूप, फांद्याफांद्यांचं. बऱ्याच वेळानं म्हणाले, “आणि आम्ही ह्याला दरसाल उपाशी मारतो होय?”

मी तीस वर्षं हेच सांगत आलोय. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये, आपल्यासारख्याच काळ्या भारी जमिनीत, वर्षभराहून जास्त पडीक राहिलेल्या रानात पुढचं पीक खुरटायचं. ओल असून, रोग नसून. १९८७ साली शास्त्रज्ञ थॉम्प्सन यांनी दाखवलं की जमिनीतली मायकोरायझाच ओसरली होती. म्हणून म्हणतो, मायकोरायझाची विकतची बाटली नंतर. आधी रानात मूळ ठेवा. आणि मोहरी-कोबीवर भरवसा ठेवू नका, त्यांचं या बुरशीशी जमत नाही.

काय म्हणता? मोठ्यानं बोला. “खरीप पडीक ठेवून ओल धरली नाही, तर रब्बीची ज्वारी कशावर येणार?”

प्रश्न रास्त आहे. पण ओल धरणं वेगळं आणि रान बोडकं ठेवणं वेगळं. पाऊस बरा असेल त्या साली साठ-पासष्ट दिवसांचा मूग घ्या, काढा, मग ज्वारी. पाऊसच नसेल तर ओल आधी. तिथं मी हट्ट धरणार नाही. उन्हाळी नांगरटीबद्दल मात्र धरणार! नांगरानं ते धाग्यांचं जाळं तुटतं. हुमणीसाठी नांगरता, कबूल. पण दरसाल, सगळं रान, गरज असो-नसो?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दोनच मिनिटं. डीएपीचं राहिलंच. स्फुरद भरपूर मिळालं की पीक या बुरशीला थारा देत नाही, म्हणून माती तपासल्याशिवाय गोणी फोडू नका. आंब्याचं, डाळिंबाचं उद्या सकाळी ज्यांना हवं त्यांनी घरी यावं.

मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक लावून ठेवलाय. ज्वारीचं मूळ आहे, शाईत रंगवलेलं. मुलांना आधी पाहू द्या, आणि काचेला हात लावू नका.