दवाखान्याचा रकाना



वेचणीच्या दिवसांत घरची बाई पोटदुखी अंगावर काढते. का? ज्वारी खायला, हाती पैसा येतो तो कापसाचाच, तोही विकल्यावर. सरकारी दवाखाना फुकट, पण गाडीभाडे, बुडालेली मजुरी, बाहेरून आणायची औषधे? तोवर दुखणे वाढते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून ५ लाख करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. चांगले झाले. पण ती मुख्यतः यादीतल्या आजाराला, यादीतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर लागते. भरतीपर्यंतचा खर्च सावकाराकडून.

हमीभावासाठी उत्पादन खर्च काढताना बैलाचा चारा धरतात, घरच्यांच्या राबण्याची मजुरी धरतात. राबणाऱ्याच्या दवाखान्याला मात्र रकाना नाही. बैल जगला पाहिजे, माणसाने आपले बघावे, असा हा हिशेब!

आम्हाला दान नको, हा रकाना हवा. तो मिळेपर्यंत एवढे करा. दुखणे वेचणी संपेपर्यंत ढकलू नका. रुग्णालयात अनामत भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा. नकार मिळाला तर लेखी मागा आणि तो कागद पुढच्या बैठकीला घेऊन या.